निंजा आणि तांदूळ

‘टोटल वॉर: शोगन २’ या व्हिडिओ गेमचा डाव १५४५ च्या वसंतात सुरू होतो. मी बहुतेकदा ओदा घराणं घेतो. प्रांत ओवारी. एका अंगाला मिनोचे साईतो, दुसऱ्या अंगाला मिकावाचे तोकुगावा. खजिना तुटपुंजा.

इथे पैसा कोकूत मोजतात. एक कोकू म्हणजे एका माणसाला वर्षभर पुरेल एवढा तांदूळ. हे कळल्यापासून फौजेच्या खर्चाचा आकडा मला ताटांच्या पंगतीसारखा दिसतो. लढाई होवो न होवो, पंगत उठत नाही.

पूर्वी निंजा म्हणजे माझ्या लेखी मारेकरी. कामगिरीआधी यशाची टक्केवारी दिसते. साठच्या वर गेली की मी त्याला पाठवून मोकळा होई. एका डावात असाच मुरलेला निंजा गमावला. मिनोची वाट अंधारात गेली. साईतो कधी उतरतील याचा नेम नाही, म्हणून सीमेवर तुकड्या वाढवत गेलो. एकही लढाई न होता खजिना आटला.

तेव्हा उमगलं, हेर आधी डोळा आहे, सुरी नंतर. वाटेवर एक निंजा उभा असला की एक फौज कमी पोसावी लागते.

आता मी बाजारापासून सुरुवात करतो. बाजारामुळे गाव वाढतं आणि मेत्सुके नावाचा गुप्त पोलीसही नेमता येतो. तो गावात बसला की वसुली सुधारते, लोक शांत राहतात, परक्यांचे हेर सापडतात. किल्ले मोठे करण्याची घाई करत नाही. ते धान्य खातात, आणि शिलकी धान्यावरच गावं फुलतात. निंजासाठी साकेचा गुत्ता लागतो, तो मात्र लवकर बांधतो.

सगळ्यात आवडती कामगिरी शरदाच्या अखेरची. शत्रू माझ्या हद्दीत शिरलेला असतो. सरदाराच्या जिवावर न उठता मी त्याच्या फौजेत घातपात करवतो. ती एक टर्न जागची हलत नाही. मग हिवाळा उतरतो आणि परमुलखात अडकलेली फौज थंडीनं गळू लागते.

वसंतात बर्फ वितळलं की नजर आधी मिनोच्या वाटेवर जाते. माझा माणूस तिथे दिसला, की मग निवांतपणे तांदळाचा हिशेब उघडतो.