पडलेल्या उमेदवाराची भाषणे

आमच्या घोडपदेवात निवडणुकीचे ज्ञान माणसाला उपजतच असते. कोण पडणार, किती मतांनी पडणार आणि पडल्यावर त्याची सोय कुठे लागणार, हे तिन्ही प्रश्न मतमोजणीच्या आदल्या रात्रीच चाळीच्या गॅलरीत सुटलेले असतात. ‘सोय’ म्हणजे वरचे सभागृह. दिल्लीची राज्यसभा असो की मुंबईची विधान परिषद, लोकांनी पुढच्या दारातून परत पाठवलेल्या माणसाला मागच्या दाराने आत घेण्याची ती जागा, याविषयी कठड्याला टेकून उभ्या असलेल्या सर्व पक्षांचे एकमत आहे. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. शिक्षक मतदारसंघाच्या यादीत माझे नाव आहे, आणि दर सहा वर्षांनी पसंतीचे आकडे लिहून त्या मागच्या दाराची कडी काढायला मीही हातभार लावत असतो. त्यामुळे ‘काय मास्तर, यंदा कुणाची सोय लावलीत?’ हा प्रश्न मला ठरलेला.

मी हसून सोडून देतो. परंतु मनात येते, की आमच्यापासून फार लांब नसलेल्या परळच्या बी. आय. टी. चाळीत ज्यांनी १९१२ पासून १९३४ पर्यंत संसार केला, तेही असेच एक पडलेले उमेदवार होते. राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष, देशाचे पहिले कायदामंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतंत्र भारताच्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत, आणि तेही मुंबईत, पडले. काँग्रेसचे नारायण सदोबा काजरोळकर चौदा हजारांवर मतांनी निवडून आले. माझे आजोबा गिरणीत होते. त्या निकालाची गोष्ट सांगताना ते नेहमी आवाज खाली आणीत, जणू घरातल्या कुणाच्या दुखण्याविषयी बोलताहेत. पुढे १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही तेच झाले.

मग बाबासाहेब संसदेत गेले ते राज्यसभेतून. १९५२ च्या एप्रिलपासून ६ डिसेंबर १९५६ ला डोळे मिटेपर्यंत ते त्या सभागृहाचे सभासद होते. मुंबई राज्याच्या विधानसभेत त्यांच्या पक्षाची माणसे मूठभरसुद्धा नव्हती. पण राज्यसभेची निवडणूक एकल संक्रमणीय मताने होते. मतदार पसंतीचे क्रम लावतात, ठराविक कोटा भरला की उमेदवार निवडून येतो, आणि जास्तीची मते वाया न जाता पुढच्या पसंतीकडे सरकतात. बहुमतवाला सगळे ताट आपल्याकडे ओढून घेऊ शकत नाही, थोड्यांच्या पानातही काहीतरी पडतेच. ज्याला आम्ही मागचे दार म्हणतो त्याची बिजागरी ही अशी आहे.

हीच पद्धत आयर्लंडने आपल्या निवडणुकांसाठी घेतलेली आहे. एवढेच नव्हे, तर आपल्या राज्यसभेत साहित्य, शास्त्र, कला आणि समाजसेवा यांतली जी बारा माणसे राष्ट्रपती नेमतात, ती कल्पनाही आयर्लंडच्या घटनेवरूनच आपल्याकडे आली. महामहोपाध्याय काणे आणि मामा वरेरकर त्याच वाटेने दिल्लीला गेले. आयर्लंडच्या जुन्या सिनेटमध्ये १९२२ ते १९२८ अशी सहा वर्षे कवी येट्स बसत असे. रवींद्रनाथांच्या इंग्रजी ‘गीतांजली’ला प्रस्तावना लिहिणारा तोच. १९२५ च्या जूनमध्ये घटस्फोटाच्या प्रश्नावर तो बोलायला उभा राहिला. बहुसंख्य समाज कॅथलिक, त्याला घटस्फोट नको. येट्स अल्पसंख्य प्रॉटेस्टंटांतला. आमच्यासारख्या थोड्या लोकांवर तुमच्या धर्माचा कायदा लादाल, तर उत्तरेकडचे प्रॉटेस्टंट तुमच्या देशात कधीही येणार नाहीत, असे त्याने रोखठोक बजावले. सभागृह चिडले. १९३७ च्या घटनेने तर घटस्फोटाला बंदीच घातली, आणि ती उठायला १९९५ चे सार्वमत यावे लागले. तेही जेमतेम नऊ हजारांच्या फरकाने. येट्स जाऊन तोपर्यंत छप्पन वर्षे झाली होती.

हे सगळे मी पुन्हा काढून वाचायला बसलो त्याला कारण आमच्याच चाळीतली एक मुलगी. कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे, वक्तृत्व स्पर्धेत उतरायचे होते. एका संध्याकाळी मोबाइल हातात घेऊन दारात उभी राहिली. बाबासाहेबांचा फोटो आणि खाली एकच वाक्य : ही घटना जाळून टाकणारा पहिला माणूस मी असेन.

‘‘सर, बाबासाहेब असं बोलले होते का? हो की नाही, एवढंच सांगा.’’

‘‘बोलले होते,’’ मी म्हटले.

तिचा चेहरा उतरला. वर्गात कुणीतरी हे वाक्य तिच्या तोंडावर फेकले होते. ज्यांनी घटना लिहिली त्यांनाच ती नको होती, मग तुम्ही कशाला तिच्या नावाने गळा काढता, असा एकूण सूर. घरी तिच्या वडिलांनी सांगितले, की हे साफ खोटे आहे, बाबासाहेब असे बोलणेच शक्य नाही. आता मीच ते खरे ठरवले! ती दारातून परत फिरली असती, पण मी तिला बसवले आणि वसंत मून यांनी संपादित केलेल्या बाबासाहेबांच्या समग्र वाङ्मयाचा पंधरावा खंड कपाटातून काढला. घटना झाल्यानंतरची त्यांची संसदेतील भाषणे त्यात आहेत. खंड चांगला जाडजूड आहे. आमच्या घरात त्याचा उपयोग एरवी पापड दाबायला होतो, असे आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे आहे.

तारीख २ सप्टेंबर १९५३. चर्चा आंध्र राज्याच्या विधेयकाची. पोट्टी श्रीरामुलू उपोषणात वारले होते आणि भाषेच्या पायावर नवे राज्य होऊ घातले होते. बाबासाहेब विचारत होते, की या नव्या राज्यात जे थोडे आहेत, दुबळे आहेत, त्यांच्या रक्षणाचे काय? राज्यपालाला त्यासाठी काही खास अधिकार द्या. समोर गृहमंत्री काटजू. घटना तर तुम्हीच केलीत, असे त्यांना बाकांवरून ऐकवले जात होते. त्यावर ते उसळले. मी ‘हॅक’ होतो, मला जे करायला सांगितले ते मी पुष्कळदा मनाविरुद्ध केले, असे म्हणाले.

या ‘हॅक’पाशी आम्ही दोघेही अडलो. मूळ अर्थ भाड्याने मिळणारा घोडा. ‘भाडोत्री’ म्हणावे तर त्यात पैशाचा वास येतो, आणि तो इथे मुळीच नाही. ‘सांगकाम्या’ हा शब्द मी सुचवला. मुलीने तो वहीत लिहिला, थोडा वेळ पाहिला आणि म्हणाली, ‘‘पण सर, सांगकाम्या रागावत नाही. हे रागावलेत.’’ एम. ए. च्या वर्गातही इतके नेमके बोललेले मी क्वचित ऐकले आहे.

त्याच भरात ते जाळण्याचे वाक्य आले आहे. परंतु भाषण तिथे थांबत नाही. पुढे ते म्हणतात, की ते काही असो, आपल्या लोकांना हा कारभार चालवायचा असेल, तर देशात बहुसंख्य आहेत तसे अल्पसंख्यही आहेत हे विसरून चालणार नाही. तुम्हाला मान्यता दिली तर लोकशाहीला बाध येईल, असे म्हणून त्यांना दूर लोटता येणार नाही. सगळ्यांत मोठी हानी होईल ती अल्पसंख्यांना दुखावल्यानेच. त्याच्या जरा आधी त्यांनी हेही सांगितले आहे, की लहान समाजांच्या मनात जी भीती असते तिची समजूत घालतच ब्रिटिशांची पार्लमेंट चालते.

मुलगी परत मागे गेली, तिन्ही वाक्ये बोट ठेवून वाचली. ‘‘मग पुढचं वाक्य का नाही पाठवत कुणी?’’

मी काय सांगणार? पुढचे वाक्य लांब आहे, फोटोखाली मावत नाही, एवढेच म्हणालो.

या भाषणाला पुरवणीही आहे. १९ मार्च १९५५ ला चौथ्या घटनादुरुस्तीवर बोलताना पंजाबच्या डॉ. अनुप सिंगांनी त्यांना त्या वाक्याची आठवण करून दिली. बाबासाहेब म्हणाले, की देवाने येऊन राहावे म्हणून आम्ही देऊळ बांधले, पण देवाची स्थापना व्हायच्या आत असुरांनीच त्याचा ताबा घेतला तर ते पाडण्यावाचून दुसरे काय करणार? तेवढ्यात सिन्हा नावाच्या सभासदांनी मधेच विचारले : असुराला मारा, देऊळ कशाला पाडता? प्रश्न बिनतोड होता. बाबासाहेबांनी उत्तराला थेट शतपथ ब्राह्मण काढले. देव नेहमी असुरांकडून हरतच आले, असे ते म्हणाले. हे मला फार आवडते. सिन्हांचा प्रश्न चांगला, उत्तर त्याहून उदास. आणि दोन्ही कामकाजात जशीच्या तशी उतरलेली. लघुलेखकाने कुणाची बाजू घेतलेली नाही.

सगळीच भाषणे त्यांच्या बाजूने वाचावीत असे माझे म्हणणे नाही. काही ठिकाणी शब्द गरजेपेक्षा कडक आहेत. पण २६ ऑगस्ट १९५४ चे परराष्ट्र धोरणावरचे भाषण पाहा. तिबेटच्या करारावर सही होऊन चारच महिने झालेले, पंचशीलाचा जयघोष चालू. बाबासाहेब म्हणाले, पंचशील हा तर बौद्ध धर्माचा गाभा. माओंची त्यावर श्रद्धा असती तर त्यांनी आपल्याच देशातल्या बौद्धांना वेगळे वागवले असते. १९६२ चा हिवाळा तेव्हा आठ वर्षे लांब होता.

मुलीने मात्र स्पर्धेसाठी जाळण्याचे भाषण घेतलेच नाही. खंड चाळता चाळता तिला १६ सप्टेंबर १९५४ चे सापडले. अस्पृश्यता गुन्हा ठरवणारे विधेयक आले होते आणि बाबासाहेबांची पहिली तक्रार त्याच्या नावाविषयी होती. हे नाव वाचून कुणालाही वाटेल, की धोबी कपडे धूत नाही, न्हावी दाढी करत नाही, मिठाईवाला लाडू देत नाही, असल्या किरकोळ गोष्टींचा हा कायदा. संसदेने त्यात वेळ का घालवावा? हा लाडवांचा प्रश्न नाही, मूलभूत हक्कांचा आहे, तेव्हा कायद्याच्या नावातच नागरी हक्कांचे संरक्षण हे शब्द असायला हवेत. शिक्षा फार हलक्या आहेत, सामाजिक बहिष्काराला आळा नाही, हेही ते म्हणाले. पण लाडवांचा तो परिच्छेद वाचताना मुलगी आधी हसली, मग गप्प झाली. तिच्या आजोळी, गावी, तिच्या पणजोबांना दुकानदार लाडू वरून टाकीत असे, हे तिने आजीकडून ऐकले होते.

१९५५ च्या जूनमध्ये कायदा अमलात आला तो अस्पृश्यतेच्याच नावाने. बाबासाहेबांनी सुचवलेले नाव कुणी मनावर घेतले नाही. पुढे १९७६ साली दुरुस्ती झाली, शिक्षा वाढल्या, आणि कायद्याचे नाव बदलून ‘नागरी हक्क संरक्षण अधिनियम’ असे करण्यात आले. महाराष्ट्राच्या पोलिस खात्यात आज त्याच शब्दांचा एक स्वतंत्र विभाग आहे.

स्पर्धेत तिला दुसरे बक्षीस मिळाले. पहिले ज्याला मिळाले तो ‘माझी मुंबई’वर बोलला आणि फार छान बोलला. बक्षिसाची वही घेऊन ती वर आली तेव्हा गॅलरीत नेहमीची मंडळी उभी होती. विषय काय होता, असे त्यांनी विचारले. ‘‘राज्यसभा,’’ तिने सांगितले. ‘‘म्हणजे पडलेल्यांची ना?’’ एकाने डोळा मिचकावला.

‘‘हो,’’ ती म्हणाली, ‘‘त्यांचीच,’’ आणि तिथेच कठड्यापाशी उभी राहून तिने लाडवांपासून सुरुवात केली.