बारीक माणसाची साखर

आमच्या दादाचं एक ठाम मत आहे. मधुमेह होतो तो जाड माणसांना आणि गोडखाऊंना. तो स्वतः पहिल्यापासून काटक, चहासुद्धा बिनसाखरेचा. त्यामुळे "एकदा तपासून घे रे" म्हटलं की उत्तर ठरलेलं... "मला काय धाड भरलीये?"

गंमत म्हणजे या समजाला धक्का देणारं बरंचसं काम आमच्या पुण्यातच झालं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच उदाहरणं दिली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोघांचा अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! वजनकाट्याला हा फरक कळतच नाही. आपण दिसतो बारीक, पण स्नायू कमी आणि चरबी जास्त, तीही पोटात. पोटातली आणि यकृतातली ही चरबी इन्शुलिनला नीट काम करू देत नाही. स्वादुपिंड जास्त इन्शुलिन बनवून काही वर्षं निभावून नेतं, आणि मग थकतं.

ही 'काही वर्षं'च फसवी. काही दुखत नाही, खुपत नाही. बाबांची साखर कळली ती डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. पडद्याला इजा झालेली होती, म्हणजे ती किती आधीपासून असेल कोण जाणे.

तपासणी खरं तर साधी. उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त, किंवा एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगणारी चाचणी, ६.५ किंवा जास्त आली तर मधुमेह. काही लक्षणं नसतील तर पुन्हा तपासून खात्री करतात. उपाशीपोटी १०० ते १२५ ही उंबरठ्यावरची पायरी. इथून चालणं, व्यायाम, आहार सांभाळून पुष्कळांना मागे फिरता येतं. म्हणून तर वेळेवर कळायला हवं.

चेन्नईच्या डॉक्टरांनी २००५ साली भारतीयांसाठी एक सोपी गुणपद्धत काढली. त्यात वजन विचारतच नाहीत. वय, कंबर, हालचाल आणि आईवडील, एवढंच. दादाचं गणित मांडलं. वय ४८, २० गुण. कंबर ९२ सेंटिमीटर, १०. बैठं काम, व्यायाम शून्य, ३०. वडिलांना मधुमेह, १०. एकूण ७०! साठ किंवा त्यापुढे म्हणजे धोका जास्त.

दादा बराच वेळ त्या टेपकडे बघत बसला. मला वाटतं, त्याला साखरेची भीती नाहीच. बाबांचं शेवटी शेवटी चाचपडत चालणं त्याने माझ्यापेक्षा जास्त जवळून पाहिलंय. माहीतच नको, म्हणजे ते आपल्याला नाही, असं काहीसं असावं.

असो. शनिवारी सकाळी उपाशीपोटी जायचं ठरलंय. मीही रक्त देणार आहे. वडील दोघांचे एकच ना!