गेमवर एमआरपी का नसते?

बिस्किटाचा पाच रुपयांचा पुडा घेतला तरी त्यावर एमआरपी छापलेली असते. सर्व करांसहित वगैरे. दुकानदाराने वर दोन रुपये मागितले तर आपण हक्काने भांडू शकतो (थंड पाण्याच्या बाटलीवर 'कूलिंग चार्ज' मागणाऱ्यांशी मी भांडलेलोही आहे, ती गोष्ट पुन्हा कधीतरी). पण फुकट डाउनलोड होणारा गेम नक्की कितीला पडतो हे कुठेच छापलेलं नसतं. महिनाअखेरीला यूपीआयची हिस्टरी चाळली की मग काय तो उजेड पडतो.

हे सगळं डोक्यात यायचं कारण म्हणजे माझा भाचा, वय वर्षे बारा. गेल्या शनिवारी सकाळी ताईचा फोन. "अरे, हा रॉयल पास रॉयल पास करून डोकं खातोय. तू आयटीतला ना, सांग बाबा, घेऊन देऊ का नको?" आयटीतल्या माणसाला प्रिंटर दुरुस्तीपासून बालमानसशास्त्रापर्यंत सगळं येतं असा आमच्या घरी समज आहे. म्हटलं, दुपारी येतो.

खरं तर फुकट गेमवाल्यांना सरसकट शिव्या घालायला मी तयार नाही. आम्ही लहानपणी व्हाइस सिटी आणि एनएफएस खेळलो ते काय दुकानातून विकत आणून? मित्राच्या मित्राकडून आलेली सीडी, झालं! आमच्या साताऱ्यात स्टँडजवळ व्हिडिओ गेमचं पार्लर होतं, तिथे 'मुस्तफा' असायचा. (त्याचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉमचा १९९३ सालचा गेम, हे मला इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं.) असले गेमही मुद्दामच अवघड असायचे. पोरं लवकर मरावीत आणि पुढचं नाणं पडावं! म्हणजे धंदा तोच. पण तिथे नाणं हातातून जाताना दिसायचं, आणि खिसा रिकामा झाला की गुपचूप घरी.

गेम फुकट द्यायचा आणि आतल्या वस्तू विकायच्या हा प्रकार २००० नंतर दक्षिण कोरियात नेक्सॉनसारख्या कंपन्यांनी रुजवला. २००६ मध्ये ऑब्लिव्हियन या विकतच्या गेममध्ये घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकायला काढलं तेव्हा जगभर टिंगल झाली. २००९ च्या ऑक्टोबरात ॲपलने फुकट ॲपच्या आतही खरेदीची सोय दिली, आणि हळूहळू हसणारे गप्प झाले.

आता यात विकतात काय? एक म्हणजे थांबणं. कँडी क्रश घ्या. पाच लाइफ, आणि गेलेली एक परत यायला अर्धा तास. पाचही संपल्या तर सगळ्या भरायला अडीच तास, नाहीतर पैसे टाका. आम्हा कोड लिहिणाऱ्यांचा अर्धा जन्म कुणाला थांबायला लागू नये म्हणून जातो. दोन सेकंदांची क्वेरी दोनशे मिलिसेकंदांवर आणली की लीड पाठ थोपटतो. इथे सर्व्हरला काडीचं काम नसताना माणसाला ताटकळत ठेवायचं, आणि ते ताटकळणं काढून घ्यायचे पैसे लावायचे! २०१४ मध्ये किंग ही कंपनी शेअर बाजारात उतरली तेव्हाच्या आकड्यांवरून दिसतं की महिन्याला खेळणाऱ्या शंभरांतले चारेकच जण पैसे देत होते. तेवढ्या जोरावर २०१६ मध्ये ती ५९० कोटी डॉलरना विकली गेली. म्हणजे खेळायला शंभर जण, पण सगळी मांडणी त्या चौघांभोवती.

दुसरा माल म्हणजे नशीब. आमच्या टीममधला एक जण गेन्शिन इम्पॅक्ट खेळतो. परवा जेवायच्या सुट्टीत त्याने स्वतःच एक्सेल उघडून हिशोब मांडला. पाच तारे असलेलं पात्र एका खेपेत मिळायची शक्यता ०.६ टक्के. नव्वदाव्या खेपेला हमखास मिळतं, पण हवं तेच मिळेल असं नाही. दुसरं निघालं तर आणखी नव्वद. म्हणजे अगदीच फुटकं नशीब असेल तर १८० खेपा. एका खेपेला १६० रत्नं, एकूण २८,८००. शंभर डॉलरचा सगळ्यात मोठा गठ्ठा बोनस धरून ८,०८० रत्नांचा. भागा आता. साडेतीनशे डॉलरच्या वर! एका पात्राला!! तो शांतपणे म्हणाला, "माझा पगार, माझी मजा." बरोबर आहे, मला काही म्हणायचं नाही. फक्त हा हिशोब मांडायला इंजिनिअर आणि एक्सेल लागलं, हे माझ्या डोक्यातून जाईना.

कारण तो हिशोब अवघड असावा हीच तर सोय आहे. रुपयांची रत्नं, रत्नांच्या खेपा, खेपांतून शक्यता. प्रत्येक पायरीला रुपया थोडा पुसट होत जातो. अमेरिकेच्या एफटीसीने जानेवारी २०२५ मध्ये नेमकं यावरच बोट ठेवलं. गेन्शिनच्या कंपनीने दोन कोटी डॉलर भरायचं मान्य केलं, शिवाय सोळा वर्षांखालच्या पोरांना पालकांच्या संमतीशिवाय या नशिबाच्या पेट्या विकायच्या नाहीत, आणि त्या थेट खऱ्या पैशांत घ्यायची सोयही ठेवायची. एमआरपीच म्हणा ना! बेल्जियमने तर २०१८ मध्येच काही गेममधल्या अशा पेट्यांना जुगार ठरवलं होतं. आपल्या २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. रत्नं घेऊन बाहुली जिंकणं त्या पट्ट्यात येत नाही.

तर भाचा. तो बीजीएमआय खेळतो. त्यातल्या चलनाचं नाव यूसी, म्हणजे 'अननोन कॅश'. नावातच कबुली! आणि २०२१ मध्ये गेम आला तेव्हा अठराच्या आतल्यांसाठी खर्चाची मर्यादा होती दिवसाला सात हजार रुपये. दिवसाला! ताईला सांगितलं तर तिने हातातला झारा खाली ठेवला.

मी त्याला म्हटलं, "अरे, कपडे बदलून नेम थोडाच सुधारतो?" तर म्हणाला, "मामा, साधे कपडे असले की सगळे बॉट म्हणतात. मग स्क्वाडमध्ये कुणी घेत नाही." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. नुसती सजावटच तर विकतात, त्यात काय एवढं, असं मी इतके दिवस समजत होतो. पण बारा वर्षांच्या पोराला स्क्वाडमधली जागा ही सजावट नसते.

शेवटी ठरलं ते असं. पास एकदा घ्यायचा, पण दिवाळीत मिळालेल्या त्याच्या पैशांतून. नोटा त्याने स्वतः मोजून ताईच्या हातात द्यायच्या, मग ताईने तिच्या फोनवरून भरायचे. कार्ड सेव्ह करायचं नाही. आणि यापुढे जे जे हवंसं वाटेल त्याची यूसीतली किंमत रुपयांत काढून वहीत लिहायची. तो कुरकुरला, पण वही आणली. तीन वस्तूंचे आकडे मांडले, मग तिसरी स्वतःहूनच खोडली.

निघताना विचारतो, "मामा, तू हापिसात असलंच करतोस का?" मी एका अमेरिकन क्लायंटचं चेकआउट पेज सांभाळतो. लोक पैसे न भरता कुठे गळतात ते मोजायचं आणि ती गळती कमी करायची. म्हटलं, "नाही रे, आम्ही फक्त पैसे भरणं सोपं करतो."

तो थोडा विचार करून म्हणाला, "पण किंमत दिसते ना तिथे?"

दिसते. रुपयात नाही, डॉलरमध्ये, पण दिसते. सोमवारी गेल्यावर फॉन्ट केवढा आहे तेवढं बघून घेईन म्हणतो.