नानीच्या चुलीपाशी आठ दिवस

दिवाळीच्या सुट्टीत मुंब्र्याहून नानीकडे जायचे म्हणजे आमच्या घरात आठवडाभर आधीपासून पदार्थांची यादी सुरू होते. पहिल्या दिवशी बिर्याणी, दुसऱ्या दिवशी वडे आणि मटण, मग नारळाच्या दुधातली सांदणे. मामी सकाळी चुलीपाशी बसत त्या रात्री उठत, आणि आम्ही पाच जण ओट्यावर बसून समुद्राचा वारा खात असू. परतताना अम्मी दर वेळी म्हणायची, "भाभी फार थकतात." आम्ही माना हलवायचो आणि पुढच्या वर्षी पुन्हा यादी करायचो.

या वेळी निघण्याआधी दोन गोष्टी घडल्या. अब्बांचा रक्ताचा अहवाल आला. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा 8.4 होता. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या आणि विचारले, "घरी जेवता ना?" अब्बा "हो" म्हणाले. अम्मी गप्प राहिली, कारण आठवड्यातून तीन-चार रात्री जेवण फोनवरून मागवले जात होते, हे तिला ठाऊक होते. दुसरी गोष्ट म्हणजे नानीचा फोन. मामी अंगणात घसरल्या होत्या आणि उजव्या मनगटाला प्लास्टर होते. नानी म्हणाली, "या, पण दावत मिळायची नाही."

दिव्याहून सकाळची सावंतवाडी गाडी धरली आणि दुपारी खेडला उतरलो. तिथून एसटीने दापोली आणि दापोलीहून हर्णैच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना भात कापणीला आलेला होता. काही शेतांत पेंढ्या बांधून ठेवल्या होत्या. शेवटच्या वळणावर समुद्र दिसला आणि पाण्यात उभा असलेला सुवर्णदुर्ग. घरी पोहोचलो तेव्हा स्वयंपाकघरातून धूर येत होता. मामी पडवीत हात गळ्यात बांधून बसल्या होत्या. मग चुलीपाशी कोण? आम्ही आत डोकावलो. लुंगी खोचून, चष्मा कपाळावर सरकवून मामू भात वेळत होते.

साठी ओलांडलेल्या मामूंना आम्ही कधी पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः भरून घेताना पाहिले नव्हते. धाकट्याने विचारलेच, "मामू, तुम्हाला येतं?"

"कुवेतमध्ये आठ जणांना जेवू घालत होतो," मामू म्हणाले.

कोकणातल्या आपल्या किती घरांतून माणसे आखातात गेली, हे वाचकांना सांगायला नको. तिथल्या खोल्यांमध्ये काय शिजत होते आणि कोण शिजवत होते, हे मात्र आपण क्वचितच विचारतो. मामूंच्या खोलीत आठ जण होते आणि स्वयंपाकाची पाळी होती. एक वही होती. तांदूळ किती, तेल किती, कांदे किती, सगळे त्यात लिहायचे आणि महिन्याअखेरीस खर्च वाटून घ्यायचा. ज्याने तेल जास्त ओतले त्याला सगळ्यांची बोलणी बसत. रोजचे जेवण म्हणजे डाळ, भात, एक भाजी किंवा मासळीचे सार. बिर्याणी फक्त ईदेला. 1990 च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेतवर आक्रमण केले. हजारो भारतीयांबरोबर मामूही अम्मानला पोहोचले आणि तिथून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला परतले. पुन्हा आखातात गेले नाहीत.

"मग इतकी वर्षं घरी का नाही केलंत?" मधलीने विचारले.

मामूंनी डाव खाली ठेवला. "तिथे पाळी होती. इथे बायको होती."

पडवीतून मामींचे हसू ऐकू आले. अब्बा मात्र हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी असरच्या नमाजीनंतर मामू आम्हाला हर्णैच्या बंदरावर घेऊन गेले. इथला मासळीचा लिलाव उघड्या वाळूवरच भरतो. होड्या थोड्या अंतरावर उभ्या राहतात, टोपल्या किनाऱ्यावर येतात, ढिगांभोवती माणसांची कोंडाळी जमतात आणि आकडे चढू लागतात. जून आणि जुलै हे पावसाळी बंदीचे दोन महिने संपून गेले होते, त्यामुळे बाजार भरलेला होता. आमची नजर सुरमई आणि पापलेटवर. मामू थांबले बांगड्यांपाशी. त्यांनी थोरल्याच्या हातात बांगडा दिला आणि शिकवले: डोळा स्वच्छ आणि फुगीर हवा, खोलगट नको. कल्ला उचलून बघायचा, आत लालभडक हवा. अंगावर बोट दाबले तर खळगा राहता कामा नये. भाव विचारायचा तो सगळ्यात शेवटी. थोरल्याने तीन वाटे नाकारले आणि चौथा घेतला. सोळा वर्षांच्या मुलाने आयुष्यात पहिल्यांदा घरासाठी बाजार केला, याचे आम्हालाच नवल वाटले.

त्या रात्रीचे सार इथे लिहून ठेवतो, कारण ते कोणालाही जमेल. ओला नारळ, भिजवलेल्या सुक्या मिरच्या, धणे, हळद आणि लसूण एकत्र बारीक वाटायचे. वाटण पाण्यात पातळ करून मीठ घालायचे आणि उकळी आणायची. चार आमसुले आणि ठेचलेली दोन-तीन तिरफळे टाकायची. मग बांगड्याचे तुकडे सोडून मंद आचेवर दहाएक मिनिटे ठेवायचे. डाव घालायचा नाही, तुकडे मोडतात. भांडे दोन्ही हातांनी धरून हलवायचे. वर हवे तर चमचाभर तेल. अम्मी म्हणाली, "एवढंच?" मुंब्र्याच्या घरात बांगडा म्हणजे रवा लावून तेलात तळलेला, एवढेच आम्हाला माहीत होते.

सार उतरवण्याआधी मामूंनी त्यात पेलाभर गरम पाणी वाढवले. "शेजारी एकटी म्हातारी आहे," ते म्हणाले. रस्सा करताना पाणी जास्त घाला आणि शेजाऱ्यांची आठवण ठेवा, ही पैगंबर (स.) यांची शिकवण आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. आमच्या मुलांनी ती त्या दिवशी डोळ्यांनी पाहिली. वाटी घेऊन धाकटा गेला आणि परत येताना दोन काकड्या घेऊन आला.

भाकरीचा धडा नानीने घेतला. तिला आता नीट दिसत नाही. ती पाटावर बसून ऐकत होती. जितके पीठ तितकेच पाणी उकळायचे, मीठ घालायचे, तांदळाचे पीठ ढवळून झाकण ठेवायचे. ही झाली उकड. ती गरम असतानाच पाण्याच्या हाताने मळायची, गार झाली की चिरा पडतात. अम्मीला हे येत होते, पण लग्नानंतर सवय गेली होती. मधलीची भाकरी तव्यावर टाकताना फाटली. थोरल्याची एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला कागदासारखी. नानी आवाजावरून म्हणाली, "एकाच जागी थापतोयस. भाकरी फिरव." त्याने फिरवली. चौथी भाकरी फुगली तेव्हा त्याने ती वाफ निघत असतानाच नानीच्या हातात दिली.

तिसऱ्या दिवशी खरी अडचण पुढे आली. मामूंनी अब्बांना म्हटले, "आज पिठी तुमच्याकडे." अब्बा उठले नाहीत. "मला काय येतं? मी आणून देतो, बनवायला ही आहे की." अम्मी शेवग्याच्या शेंगा सोलत होती. तिने मान वर न करता सांगितले की वर्षभर ती दोन स्वयंपाक करते आहे. अब्बांसाठी वेगळी डाळ, बिनतेलाची भाजी. मुलांसाठी दुसरे काहीतरी चमचमीत. अब्बा आपले पथ्याचे खातात, मग मुलांच्या ताटातलेही खातात. ज्या दिवशी तिच्याने दोन्ही होत नाही, त्या दिवशी फोनवरून मागवले जाते. "मी आजारी पडले तर या घरात काय शिजेल, मला माहीत नाही," ती म्हणाली.

कोणी काही बोलले नाही. मामींच्या गळ्यातला हात सगळ्यांना दिसत होता.

मग नानी हळूच बोलली. पैगंबर (स.) घरी काय करत, असे हजरत आयेशा (रजि.) यांना विचारले गेले, तेव्हा त्यांनी सांगितले की ते घरच्यांच्या कामात हात लावत आणि नमाजची वेळ झाली की उठत. ही हदीस नानीने अब्बांकडे न बघता सांगितली. अब्बा उठले, बाह्या वर केल्या आणि म्हणाले, "पीठ कुठे आहे?"

कुळथाची पिठी अवघड नाही. भाजलेल्या कुळथाचे चार चमचे पीठ आधी गार पाण्यात कालवायचे, गरम पाण्यात टाकले तर गुठळ्या होतात. चमचाभर तेलात ठेचलेला लसूण आणि मिरची, त्यावर पाणी, मीठ, दोन आमसुले. पाणी उकळले की कालवलेले पीठ ओतून ढवळत राहायचे. अब्बांची पिठी पहिल्या दिवशी खळीसारखी घट्ट झाली. त्यांनीच तिच्यात पाणी घालून सारखी केली. लाल पटणी तांदळाचा भात, पिठी, पडवळाची भाजी आणि काकडी असे दस्तरख्वान मांडले. सगळ्यांसाठी एकच. त्या रात्री कोणाचे पथ्य नव्हते, कारण सगळे तेच खात होते. अब्बांनी दुसऱ्यांदा भात घेतला नाही, आणि त्यांना कोणी टोकलेही नाही.

जुम्याला मटण झाले. मामू म्हणाले, आठवड्यातून एकदा केले तर त्याची चवही राहते. आम्ही सगळ्यांनी मिळून कांदा चिरला आणि पहिल्यांदाच कळले की मामी इतकी वर्षे एकट्या किती कांदे चिरत होत्या.

परतताना सोबत पटणी तांदूळ, कुळथाचे पीठ, आमसुले आणि एक वही होती. वही मामूंनी दिली, कोरी. पहिल्या पानावर त्यांनी सात वार लिहून समोर जागा मोकळी सोडली होती.

मुंब्र्यात सगळे लगेच जमले असे नाही. लाकडाची चूल नाही, गॅसच्या शेगडीवर भाकरी आधी करपली. धाकट्याच्या पाळीला आजही काकडी-टोमॅटो चिरणे आणि दस्तरख्वान घालणे एवढेच आहे. थोरल्याला परीक्षेच्या आठवड्यात सूट मिळाली, ती त्याने दोन आठवडे ताणली. बाहेरचे खाणे बंद झालेले नाही. महिन्यातून दोनदा होते आणि वहीत लिहिले जाते. तेलही लिहिले जाते. पूर्वी महिन्याला सहा लिटर लागत होते, आता साडेतीन पुरते. मिठाचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला माणशी पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा मीठ पुरे म्हणते. गावाहून आणलेले सुकट म्हणून रोज न खाता अधूनमधून, नीट धुऊन करतो.

तीन महिन्यांनी अब्बांचा आकडा 7.3 आला. गोळ्या चालू आहेतच आणि असर नंतरचे चालणेही. डॉक्टरांनी एक गोष्ट स्पष्ट केली: तांदळाची भाकरी घरची असली तरी साखर वाढवतेच, तेव्हा ती एकच घ्या, मधूनमधून नाचणीची करा, ताटात भाजी आणि डाळ वाढवा. पोटाचा एक भाग अन्नासाठी, एक पाण्यासाठी आणि एक श्वासासाठी, ही शिकवण आम्हाला लहानपणापासून पाठ होती. भाकऱ्या मोजून थापायला लागल्यावर ती आचरणात आली.

मागच्या आठवड्यात मामींचा फोन होता. प्लास्टर केव्हाच निघाले, हात आता चांगला आहे. अम्मीने विचारले, "मग चुलीचं काय?"

मामी म्हणाल्या, "सोमवार आणि गुरुवार अजून त्यांच्याकडेच आहेत. मी मागितले नाहीत परत."

तो सोमवार होता. आमच्याकडे पाळी अब्बांची होती. फोन ठेवून अम्मी पुन्हा बाहेरच्या खोलीत जाऊन बसली आणि आतून लसणाच्या फोडणीचा वास आला.