सहकर्जदार

आमचा घटस्फोट न भांडता झाला. वर्षानुवर्षं खटला चालवायला लागतात तेवढे पैसे दोघांकडेही नव्हते. नवऱ्याचं भोसरीतलं वर्कशॉप बंद पडलं होतं. चिंचवडच्या फ्लॅटवर दोघांच्या नावाने गृहकर्ज होतं, वर्कशॉपसाठी माझ्या पगारावर काढलेलं वैयक्तिक कर्ज वेगळं, आणि माझ्या बांगड्या पतपेढीत तारण पडलेल्या. बरीच वर्षं वेगळे राहिल्यावर २०१९ मध्ये आम्ही परस्पर संमतीचा अर्ज केला.

वकिलाची फी मी उसनी घेतली. विधी सेवा प्राधिकरणाचा फलक तारखेला जाता-येता दिसायचा. १९८७ च्या कायद्यानुसार कुठल्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत वकील मागता येतो. मला वाटायचं, ते निराधार बायकांसाठी असतं, आपण तर नोकरी करतो. ही लाज मला महागात पडली, पण त्याहून महागात पडली ती घाई.

संमतीच्या घटस्फोटात अर्ज आणि अंतिम आदेश यांच्यामध्ये कायद्याने किमान सहा महिने ठेवले आहेत. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की दोघं दीर्घकाळ वेगळे असतील, समेटाची आशा संपली असेल आणि पोटगी, मुलं व बाकीचे प्रश्न खरोखर मिटले असतील, तर न्यायालय ही मुदत माफ करू शकतं. वकिलांनी विचारताच मी हो म्हटलं. मुलगी माझ्याकडे राहणार, हे ठरलंच होतं. गृहकर्जाबद्दल अटींमध्ये एक परिच्छेद होता: फ्लॅट पतीकडे राहील, पत्नी त्यावरचा हक्क सोडत आहे, उरलेले सर्व हप्ते पती भरेल. वैयक्तिक कर्जाचा उल्लेखच नव्हता. तो मीच केला नव्हता. नवऱ्याच्या धंद्यासाठी आपल्या नावावर कर्ज काढलं, हे समुपदेशकांसमोर बोलणं मला जड जात होतं. शिवाय पैशांचा विषय काढला की सगळं पुन्हा लांबणार, ही धास्ती. न्यायाधीशांनी विचारलं, ‘‘आपसातले सगळे व्यवहार मिटले ना?’’ मी म्हटलं, ‘‘हो.’’

मिटलं काहीच नव्हतं. जे सहा महिने मी माफ करून घेतले, त्यातला एक दिवस काढून बँकेत गेले असते तरी मला कळलं असतं.

पुढच्या वर्षी टाळेबंदी आली. रिझर्व्ह बँकेने ऑगस्टपर्यंत हप्ते लांबवण्याची सवलत दिली, त्याने ती घेतली. व्याज मात्र चढत राहिलं. सवलत संपल्यावर त्याच्याकडून हप्ता जाईना आणि वसुलीचे फोन मला येऊ लागले. मी घटस्फोटाच्या आदेशाची प्रत घेऊन बँकेत गेले. अधिकाऱ्याने ती शांतपणे वाचली, शेवटचं पान उलटून पाहिलं आणि विचारलं, ‘‘मॅडम, या कागदावर बँकेची सही कुठे आहे?’’

कर्जाचा करार बँकेचा आणि आम्हा दोघांचा. एकाने भरलं नाही तर पूर्ण रक्कम दुसऱ्याकडून मागता येते, मग आम्ही आपसात काहीही लिहून घेतलेलं असो. माझं नाव काढायचं तर त्याचं एकट्याचं उत्पन्न पुरेसं हवं किंवा दुसरा सहकर्जदार हवा. त्याच्याकडे दोन्ही नव्हतं. म्हणजे घरावरचा हक्क मी सोडून बसले होते आणि कर्ज सगळंच्या सगळं माझ्यावर होतं.

त्याने फसवलं, असं मी म्हणणार नाही. ज्याच्याकडे पैसे नव्हते त्याच्याकडून मी ‘भरेन’ असं लिहून घेतलं होतं.

मुलीला कोल्हापूरला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. शैक्षणिक कर्जासाठी पालक सहअर्जदार लागतो. माझ्या क्रेडिट अहवालात गृहकर्जाची थकबाकी दिसत होती, म्हणून अर्ज नामंजूर झाला. ती मला काही बोलली नाही. प्रवेश रद्द करण्याचा फॉर्म तिने स्वतः भरला, माझ्यासमोर ठेवला आणि पालकाच्या सहीच्या जागी बोट ठेवलं. तिने चिंचवडला बी.एस्सी.ला नाव घातलं. बाकी जे गेलं ते पैसे होते. हे वेगळं होतं.

थकबाकी भरा, नाहीतर फ्लॅट ताब्यात घेऊ, अशी सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस आली, तेव्हा आम्ही दोघं पुन्हा एका टेबलाशी बसलो. या वेळी समोर कर्जाचा उतारा होता. बँकेच्या संमतीने २०२१ मध्ये फ्लॅट विकला आणि खातं बंद केलं. थकलेलं व्याज आणि दंड भागवून हातात काही उरलं नाही. घटस्फोटाचा अर्ज करण्याआधीच विकला असता तर दोघांनाही थोडीफार रक्कम मिळाली असती. फ्लॅट विकण्याचा विषय तेव्हा त्यानेच काढला होता. घर विकलं तर लोक काय म्हणतील, म्हणून मी नको म्हटलं होतं.

बांगड्या लिलावात गेल्या. वैयक्तिक कर्जाचा शेवटचा हप्ता मी २०२३ मध्ये भरला. मुलगी आता नोकरी करते. पुढच्या शिक्षणासाठी तिला कर्ज घ्यायचं आहे, आणि अर्ज भरायच्या आधी तिने माझा क्रेडिट अहवाल मागून घेतला. मी तो तिच्याबरोबर बसून ओळ न् ओळ वाचला आणि कुठली नोंद कशाची, ते सगळं सांगितलं.