गाडीवरची रेघ

मुलांनो, वहीला समास आखताना तुम्ही पट्टी धरता. पट्टी सरकली की रेघ वाकडी. पण जिथे पट्टी धरताच येत नाही, म्हणजे मोटारीच्या फुगीर दारावर, तिथे सरळ रेघ कशी मारायची? गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या अंगणात दोन दिवस हाच उद्योग चालला होता.

आमच्याकडे जुनी पांढरी मारुती ८०० आहे. ही गाडी आपल्या देशात १९८३ मध्ये आली आणि २०१४ मध्ये बनायची बंद झाली, तेव्हा तिचे वय कोणी विचारू नये. माझ्या मुलीला तिच्या दोन्ही बाजूंना मरून रंगाची बारीक रेघ हवी होती. बाजारात चिकटपट्टीची तयार गुंडाळी मिळते, ती मी कर्जतहून आणली. आप्पांनी ती हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि काही न बोलता ओट्यावर ठेवून दिली.

आप्पा म्हणजे माझे वडील. आपल्या जिल्ह्याला रायगड हे नाव १९८१ मध्ये मिळाले. त्याआधी तो कुलाबा होता, त्या काळापासून ते खोपोलीला एका गॅरेजात पेंटर होते. बोरघाट उतरून आलेले ट्रक तिथे थांबत. कुणाला मोर हवा, कुणाला कमळ, कुणाला पोरांची नावे. पण सगळ्यात अवघड काम लायनिंगचे. नाव बिघडले तर फुलात दडवता येते, रेघेला दडायला जागा नाही, असे आप्पा सांगतात. आता त्यांचा हात कापतो. चहा घेताना कपबशी वाजते, म्हणून ते पाहुण्यांसमोर चहा घेत नाहीत. त्यांचे ब्रश बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात किती वर्षे पडून होते कोण जाणे.

ही कला मोटारीपेक्षा जुनी आहे. पूर्वी घोड्यांच्या बग्ग्यांवर अशा रेघा असत. सुरुवातीला मोटारींचे सांगाडे बग्ग्या बनवणारेच कारागीर करीत, त्यांच्याबरोबर रेघही मोटारीवर आली. इंग्लंडात रोल्स-रॉइसच्या गाडीवर आजही माणूस ब्रशाने ती मारतो. एवढ्या लांब तरी कशाला जा? चेन्नईत तिरुवोत्तियूरच्या कारखान्यात बुलेटच्या टाकीवरच्या सोनेरी रेघा कारागीर हातानेच मारत आले आहेत. टाकी गोल, रेघ गोल, आणि ब्रश एका दमात फिरवायचा!

तर पहिल्या दिवशी आम्ही डावी बाजू घेतली. गाडी सावलीत उभी केली, कारण पत्रा तापला की पट्टी टेकवल्या जागीच पकडते, मग सरकवता येत नाही. आधी साबणाने धुतली, मग स्पिरिटच्या फडक्याने पुसली. तेलकट हात लागला असेल तिथे पट्टी धरत नाही. दाराच्या पत्र्याला जी मूळची घडी असते तिच्याखाली सारखे अंतर मोजून पेन्सिलीने बारीक खुणा केल्या. मुलीने मागचे टोक धरले, मी पुढचे. पट्टी ताठ धरायची, पण ताणायची नाही. ताणलेली पट्टी पुढे आखडते आणि टोके सुटतात. टेकवताना नजर बोटावर नको, रेघ जिथे जायची तिथे हवी. सायकल शिकताना चाकाकडे बघितले की पडतो, तसेच हे. दारांच्या फटीत पट्टी ब्लेडने कापून कडा आत वळवल्या. तासाभरात बाजू झाली, आणि चांगली झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर आप्पा उजव्या बाजूला पाट टाकून बसलेले. डबा उघडा. लांब केसांचा ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुतलेला.

“आप्पा, अहो राहू द्या. पट्टी उरली आहे.”

“पट्टी काय पळून जात नाय. तू बाजूला हो, उजेड अडतोय.”

आई दारातून बघत होती, तीही काही बोलली नाही. मला वाटत होते, पहिली रेघ थरथरली तर यांना काय वाटेल! रंग पुसता येतो हो, पण मनाचे काय?

त्यांनी एनॅमलचा रंग पुठ्ठ्यावर घेऊन ब्रश त्यावर पुढेमागे ओढला, केस सुरीच्या पात्यासारखे चपटे होईपर्यंत. करंगळी पत्र्यावर टेकवली. मग उठले आणि मनगट न हलवता अख्खे अंगच मागे मागे नेत चालू लागले. ब्रश टेकवताना टोकाला एक बारीकशी नागमोड आली. पुढे मात्र रेघ सरळ निघाली. बघा, हात कापत होता तो नुसता धरून ठेवलेला असताना. चालता हात वेगळाच होता. केस लांब का असतात हेही तेव्हा कळले: त्यांत रंग जास्त मावतो आणि बारीक कापरे केसांतच जिरते.

पुढचे दार पूर्ण झाले. आमच्या गाडीला मागचेही दार आहे, त्याच्या निम्म्यावर ते थांबले, ब्रश पुसला आणि म्हणाले, “आता बास. पाठ भरली. उरलेलं पोरीला चिकटवू दे.”

रंग वाळल्यावर तिने तिथून पुढे पट्टी लावली. सांधा नीट बघितला तर दिसतो. तो तसाच ठेवला आहे.

गुंडाळीबरोबर मी चमकणारी लाल पट्टीही थोडी आणली होती. तिच्यात अतिसूक्ष्म काचमणी किंवा लोलक असतात, ते उजेड आला तिकडेच परत पाठवतात. मालवाहू गाड्यांना पुढे पांढरी, बाजूला पिवळी आणि मागे लाल अशी पट्टी लावायचा नियमच आहे. आप्पांचा एक सोबती रात्री दिवे नसलेल्या उभ्या ट्रकवर मागून आदळून गेला होता. ते नाव आमच्या घरात फारसे निघत नाही. शेजारच्या काकांची ट्रॉली पेंढा भरून अंधार पडल्यावर मुरबाड रस्त्याने येते, तिच्या मागे काहीच नव्हते. संध्याकाळी आप्पांनी तिचे फळकूट स्वतः घासून पुसले आणि पट्टी कुठे लावायची ते मुलीला दाखवले: अगदी कडेला, दोन्ही टोकांना, म्हणजे गाडीची रुंदी कळते, आणि पेंढा लोंबला तरी झाकणार नाही इतक्या खाली.

मग मला बॅटरी देऊन रस्त्यावर लांब पाठवले. “अजून मागे जा,” ते ओरडत होते, “पुलापर्यंत जा आणि सांग दिसतंय का!”