पंधरा मिनिटांचा बाजार, आठ तासांची शिफ्ट

विजेच्या व्यवहारात ‘लवचिकता’ म्हणजे आपली मागणी किंवा निर्मिती ठरलेल्या वेळेपुरती कमी-जास्त करण्याची ग्राहकाची तयारी, आणि या तयारीला मोबदला मिळू लागला की तिचा बाजार उभा राहतो. ही कल्पना संगणकयुगातली समजली जात असली, तरी पुण्याने ती 2006 मध्ये, तिला हे नाव मिळण्याआधीच, वापरून पाहिली. राज्यात विजेचा तुटवडा होता आणि भारनियमन नित्याचे झाले होते. तेव्हा भारतीय उद्योग परिसंघाच्या पुढाकाराने अशी योजना आखली गेली की, कारखान्यांनी तुटवड्याच्या तासांत स्वतःचे जनित्रसंच चालवावेत, त्यामुळे वाचलेली वीज महावितरणने शहराला द्यावी, आणि महाग इंधनाचा वाढीव खर्च कमी वापराची घरे वगळून इतर ग्राहकांच्या बिलात ‘विश्वासार्हता आकार’ म्हणून लावावा. राज्य वीज नियामक आयोगाने तिला मान्यता दिली. कारखानदार, वीज कंपनी आणि ग्राहक या तिघांनाही आपण काय द्यायचे व काय घ्यायचे हे एका वाक्यात सांगता येत होते, आणि लवचिकतेचा बाजार चालवणाऱ्या आजच्या सॉफ्टवेअरला नेमके हेच साधत नाही.

आता व्यवहाराचे माप बारीक झाले आहे. देशातील विजेचे वेळापत्रक पंधरा मिनिटांच्या खंडांत, म्हणजे दिवसाला 96 खंडांत आखले जाते. आयोगाच्या 2024 च्या विनियमांनी मागणीतील लवचिकता मिळवणे ही वितरण कंपन्यांची जबाबदारी केली. आणि सौरऊर्जा वाढल्यामुळे एके काळी रात्री मिळणारी दरसवलत दिवसाकडे सरकली, इतकी की जुलै 2025 पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकालाही सकाळी 9 ते सायंकाळी 5 या वेळेतील वापरावर सूट मिळू लागली. या 96 खंडांचा रंगीत तक्ता पडद्यावर मांडणे सोपे असते, आणि बहुतेक आज्ञावली-रचनाकार तिथेच थांबतात. तो तक्ता वीज खरेदी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या कामाचा असतो. भोसरीतल्या ओतशाळेत प्रत्यक्ष बटण दाबणाऱ्या शिफ्ट सुपरवायझरला किलोवॉट दिसत नाहीत. त्याला भट्टी दिसते, तिच्यातला वितळलेला धातू दिसतो आणि तो धातू भट्टीतच थिजला तर होणारे नुकसान दिसते. म्हणून ‘400 किलोवॉट कमी करा’ या सूचनेपेक्षा ‘साडेसहा ते साडेसात दोन नंबरच्या भट्टीत नवा माल भरू नका, आतला धातू फक्त गरम ठेवा’ ही सूचना उपयोगी ठरते. अशी सूचना देता यावी यासाठी कोणते यंत्र किती वेळ थांबू शकते, त्याला किती आधी सांगावे लागते आणि पुन्हा सुरू झाल्यावर ते किती वीज ओढते, ही माहिती आधीच त्या माणसाकडून त्याच्याच शब्दांत भरून घ्यावी लागते. गृहनिर्माण संस्थेत हाच प्रश्न पाण्याच्या पंपाचा असतो: पालिकेचे पाणी खालच्या टाकीत केव्हा येते आणि वरची टाकी किती तास पुरते, यावर पंप दुपारी चालवता येईल की नाही हे ठरते, आणि पंप चालवणारा बहुधा वॉचमन असल्यामुळे सेक्रेटरीच्या मोबाइलवर गेलेली सूचना व्यर्थ जाते.

सर्वांत अवघड असते ती आधाररेषा, म्हणजे वापर कमी करण्याची हाक दिली गेली नसती तर त्या वेळी ग्राहकाने किती वीज वापरली असती याचा अंदाज. मोबदला प्रत्यक्ष वापर आणि हा अंदाज यांच्यातील फरकावर मिळतो; अर्थात जे घडलेच नाही त्याचे पैसे मोजायचे असतात. अंदाज साधारणपणे आधीच्या काही दिवसांच्या सरासरीवरून काढतात, आणि परदेशी साच्यातली आज्ञावली त्यातून शनिवार-रविवार वगळते. पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी मात्र पूर्वापार गुरुवारी असते. तो गुरुवार सरासरीत मिसळला की आधाररेषा खाली येते आणि शुक्रवारी खरोखर वीज वाचवणारा कारखाना कागदावर काहीच न वाचवणारा ठरतो. दसऱ्याच्या आसपास यंत्रपूजेमुळे आकडे आणखी बिघडतात. सूत्र सुधारणे हे एक काम झाले. पडद्याचे काम त्याहून वेगळे आहे: कोणते दिवस धरले, कोणते सोडले, हे ग्राहकाला दाखवून एखादा दिवस चुकीचा धरला असल्यास हरकत घेण्याची सोय त्याच जागी ठेवणे. केवळ मोबदल्याची अंतिम रक्कम दाखवणारा पडदा देखणा असला, तरी हिशेब न पटलेला कारखानदार दुसऱ्या हाकेला ओ देत नाही.

नकाराची रचना हा तर बहुधा दुर्लक्षित भाग. होकाराचे बटण मोठे हिरवे आणि नकाराचे कुठल्या तरी यादीत दडलेले, ही युक्ती खरेदीच्या ॲपमध्ये खपते. येथे अनिच्छेने दिलेला होकार प्रत्यक्षात पाळला जात नाही आणि ऐन वेळी वीजजाळ्यात तूट राहते. म्हणून दोन्ही बटणे सारख्या आकाराची असावीत आणि नकारासोबत ‘भट्टीत धातू आहे’, ‘तातडीची ऑर्डर’, ‘जनित्र दुरुस्तीला’ असे एखादे कारण एका स्पर्शात निवडता यावे. या कारणांवरून पुढच्या हाकेचा अंदाज सुधारतो, पण ती कारणे सुपरवायझरच्या कामाचा लेखाजोखा म्हणून व्यवस्थापनाकडे जाऊ नयेत. तशी ती जाऊ लागली, तर महिन्याभरात सगळी जनित्रे कागदोपत्री दुरुस्तीला गेलेली दिसतील.